काटा

विट्यात परतून सात महिने झाले.
थोरल्या भावाच्या माडीवर राहतो, खाली यंत्रमाग.
रात्रभर धोटे आपटत असतात, तेव्हा झोप लागते मला.
वीज गेली, माग थांबले,
की उठून बसतो
आणि अंधारात पोरांची डोकी चाचपतो.
तीन. बरोबर.

लोक विचारतात, किती आणलंस?
गलाईवाला गावी आला की पहिला प्रश्न हाच.
यात्रेला यायचो तेव्हा उत्तर असायचं माझ्याकडं,
देवळाची पायरी, तालमीची वर्गणी, दारात गाडी.
या खेपेला सांगतो, काटा आणला.
त्यांना वाटतं, चेष्टा करतोय.

तिकडं, दोन टेकड्यांमधल्या त्या बाजारात
एकोणीस वर्षं सोनं गाळलं मी.
वरच्या वस्तीतल्या बायकांचं,
खालच्या वस्तीतल्या बायकांचं.
मुशीत उतरलं की कुणाचं कुठलं, कोण सांगणार.
मग एका आठवड्यात सगळं पेटलं.
दुकानाच्या पायरीवर एका पोरानं बंदूक रोखून विचारलं,
तू कुणाचा?
मी म्हणालो, विट्याचा.
त्यानं मागं वळून दुसऱ्याला विचारलं,
ही कुठली टोळी?

हसा.
तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

शाळेत छावणी बसली, आठ वर्ग, चारशे माणसं.
फळ्यावर अजून कुणीतरी सोडवलेला भागाकार.
भट्टीचा सिलिंडर मी तिकडं ओढत नेला.
ज्या निळ्या जाळावर बांगड्या पाणी व्हायच्या
त्यावर भात रटरटला,
आणि वैजयंता ओरडली,
अवो, त्येजाबाचं भांडं न्हाई न्हवं ह्ये?

चौथ्या दिवशी दूध पावडरीचे सहा डबे आले.
तान्ही पोरं एकतीस.
पुढचा ट्रक पुलाच्या पलीकडं अडकलेला.
एकजण मुठीनं वाटायला बसला,
तशी बायकांत कुजबुज सुरू झाली,
हिला भरून मूठ, तिला सैल.
त्याच कुजबुजीवर गाव जळालं होतं.

मी दुकानातनं काटा आणला,
काचेच्या पेटीतला,
श्वास लागला तरी हलणारा.
पितळी वजनं मांडली आणि म्हणालो, जरा दम धरा.
माझी भाषा ज्यांना अर्धीच कळायची
त्यांनी खरोखर दम धरला.
वर्गभर बायका, छातीशी पोरं, आणि
कुणाचाच श्वास नाही.
चाळीस ग्रॅम.
पुन्हा चाळीस.
आयुष्यभर रवाळ सोनं तोललं,
पण हात कापला तो त्या दिवशी.

एका म्हातारीनं कानातलं काढून पारड्यात टाकलं,
नातवाकडं बोट केलं, आणि दोन बोटं वर.
दुप्पट दे.
मी कानातलं उचलून तिच्या तळव्यावर ठेवलं,
तिची मूठ मिटवली.
सगळ्यांनी बघितलं.
त्या दिवसापासून मला छावणीत
दोन्ही वस्त्यांची माणसं वाट द्यायची.

हे सगळं मी इथं पारावर सांगतो.
पुढचं सांगत नाही.

त्याच रात्री आमचा धाकटा रडायचा थांबेना.
डब्याच्या तळाशी उरलेलं खरवडून
मी एक चमचा जादा काढला.
तो काट्यावर ठेवला नाही.
वैजयंतानं बघितलं आणि तोंड फिरवलं,
भिंतीकडं की माझ्यापासून, कळलं नाही.
भिंतीपलीकडं म्हातारी नातवाला झोपवत होती,
बिनशब्दांचं, नुसतं हुंकारत.

तहसीलच्या बाबूनं परवा अर्ज परत केला.
म्हणाला, विस्थापित कसले?
तुमचंच गाव की हे.
त्याचंही खरं आहे.
गलाई मंडळानं दोन पोती ज्वारी दिली,
भावजयीनं शाळेची दप्तरं.
घेताना मान खाली जाते,
देताना जात नव्हती, एवढं मात्र शिकलो.

काटा कपाटात आहे.
डाव्या पारड्याच्या कडेला अजून थोडं पांढरं चिकटलंय.
वैजयंता म्हणते, पुसा की, मुंग्या लागतील.

काल अंगणवाडीत धाकट्याचं वजन केलं.
अकरा किलो दोनशे.
बाई म्हणाल्या, झकास.
मी पायरीवर हिशेब करत बसलो,
त्यातलं किती.